अजाणता घडलेल्याचा हिशेब

अथेन्सच्या शिलालेखांच्या संग्रहालयात संगमरवराची एक प्रचंड शिळा आहे. अनेक तुकडे जुळवून, मधल्या फटी भरून ती उभी केली आहे. उंची साडेतीन मीटरांहून अधिक. तिच्यावर ना कुणा देवाची मूर्ती आहे, ना कुणा राजाची प्रशस्ती. आहेत ती गावांची नावे आणि त्यांच्यापुढे आकडे. पर्शियाच्या आक्रमणाला तोंड देण्यासाठी अथेन्सच्या नेतृत्वाखाली जी ग्रीक नगरे एकत्र आली, ती दरसाल वर्गणी देत. ही गंगाजळी आधी डेलॉस बेटावर होती, इ. स. पू. ४५४ मध्ये ती अथेन्सला हलवली गेली. जमलेल्या रकमेचा साठावा हिस्सा अथीना देवीचा. सहा हजार द्राख्मांचा एक टॅलंट. त्यामागे शंभर द्राख्मा देवीला. शिळेवर कोरले आहेत ते देवीच्या या हिश्शाचे आकडे. इ. स. पू. ४४३-४४२ या वर्षाच्या यादीच्या वर खजिनदार म्हणून एक नाव आहे : सोफोक्लीस.

‘राजा ईडिपस’ आणि ‘अँटिगनी’ लिहिणारा सोफोक्लीस तो हाच. माझी चौतीस वर्षे बँकेत गेली. सकाळ-संध्याकाळच्या उरल्यासुरल्या वेळात मी कादंबऱ्या लिहिल्या. लेखन आणि खतावणी यांचे काय नाते, असे लोक मला विचारत आणि मी हसून वेळ मारून नेत असे. या शिळेची हकिगत वाचल्यावर मात्र मला वाटू लागले, की सोफोक्लीसच्या नाटकांकडे आणि त्यांतल्या देवांकडे हिशेबाच्या बाजूने पाहिले तर काही निराळे दिसते. ग्रीक शोकांतिका म्हणजे नियतीच्या हातातली बाहुली झालेला माणूस, असे आपण शाळा-कॉलेजात शिकलो. ते अपुरे आहे. सोफोक्लीसला छळणारा प्रश्न निराळाच होता. आपल्या हातून नकळत एखादे भयंकर कृत्य घडले, तर त्याचा हिशेब कुणी द्यायचा? जो नव्वद वर्षे जगला आणि अखेरपर्यंत लिहीत राहिला, त्याने या प्रश्नाचे उत्तर एकदा नव्हे, दोनदा दिले.

त्याचा जन्म इ. स. पू. ४९६ च्या सुमारास, अथेन्सबाहेरच्या कोलोनस या गावी झाला. वडिलांचा शस्त्रे बनवण्याचा कारखाना होता. घरची सुबत्ता, मुलगा देखणा, गळा गोड, संगीताचे शिक्षण उत्तम गुरूकडे झालेले. इ. स. पू. ४८० मध्ये सॅलॅमिसच्या सागरी लढाईत ग्रीकांनी पर्शियाच्या आरमाराचा धुव्वा उडवला, तेव्हा विजयगीत गाणाऱ्या मुलांच्या पुढे लायर हे तंतुवाद्य हाती घेऊन उभा होता तो सोळा वर्षांचा सोफोक्लीस. नशिबाने इतकी चांगली सुरुवात फार थोड्यांना दिलेली असते.

अथेन्समध्ये नाटक ही संध्याकाळची करमणूक नव्हती. ती देवाची सेवा होती. वसंत ऋतूत डायोनिससचा उत्सव भरे. अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर हजारो लोक सकाळपासून बसत. प्रत्येक नाटककाराने तीन शोकांतिका आणि एक हलकेफुलके नाटक द्यायचे, श्रीमंत नागरिकांनी खर्च उचलायचा आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या परीक्षकांनी निकाल द्यायचा. याच रंगस्थळी, नाटके सुरू होण्यापूर्वी, मित्रनगरांकडून आलेली चांदी लोकांसमोर मांडली जाई. युद्धात बाप गमावलेली आणि नगराच्या खर्चाने वाढलेली मुले चिलखते घालून समोरून चालत जात. देव, पैसा, युद्ध आणि नाटक असे सगळे एकाच अंगणात. अशा ठिकाणी लिहिणाऱ्याला सार्वजनिक जबाबदारीपासून अंग चोरून लिहिता येणे शक्यच नव्हते.

इ. स. पू. ४६८ मध्ये, तिशीही न ओलांडलेल्या सोफोक्लीसने बुजुर्ग इस्किलसला स्पर्धेत हरवले. आयुष्यभरात त्याने एकशेवीसहून अधिक नाटके लिहिली. या मोठ्या उत्सवात तो १८ वेळा पहिला आला. तिसरा तो कधीच आला नाही, असे त्याचे प्राचीन चरित्र सांगते. रंगमंचावर तिसरा नट आणला तो त्याने. ऐकायला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु दोन माणसे बोलत असताना तिसरा ऐकतो आहे आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरतो आहे, हे दृश्य त्यामुळे शक्य झाले. सुरुवातीला तो स्वतःच्या नाटकांत कामही करी. पण आवाज लहान असल्याने त्याने नटाचा व्यवसाय सोडला.

त्याचे देव कसे आहेत, हे पाहण्यासाठी ‘अजॅक्स’ घ्यावे. ट्रॉयच्या युद्धातला हा महावीर. मेलेल्या अकिलीसची शस्त्रे आपल्याला न मिळता ओडिसियसला मिळाली, म्हणून तो सूडाने पेटतो. अथीना त्याची बुद्धी भ्रष्ट करते आणि शत्रू समजून तो गुराढोरांची कत्तल करतो. देवी आपल्या लाडक्या ओडिसियसला हा वेडा शत्रू दाखवते आणि त्याला हसायला सुचवते. ओडिसियस हसत नाही. त्याला कीव येते. आज याच्यावर आलेली वेळ उद्या माझ्यावरही येईल, आपण सारी माणसे सावलीसारखी, असा विचार तो करतो. नाटकाच्या शेवटी याच शत्रूला सन्मानाने मूठमाती मिळावी म्हणून तो स्वपक्षाशी भांडतो. देवी सामर्थ्यवान आहे. करुणा मात्र माणसाकडे आहे. सोफोक्लीसने देवांची थट्टा केली नाही, तशी त्यांची वकिलीही केली नाही. देवांना सगळे ठाऊक आहे, ते कारण सांगत नाहीत, आणि आपल्याला मात्र न कळता जगायचे आहे, एवढेच तो मांडतो.

खजिनदारीनंतर दोनच वर्षांनी, इ. स. पू. ४४१-४४० मध्ये, अथेन्सने त्याला सेनापती निवडले. दहा सेनापतींपैकी एक पेरिक्लीस होता. सॅमॉस बेटाने बंड केले होते. ‘अँटिगनी’ लोकांना इतके आवडले की त्यांनी त्याला सेनापती केले, अशी एक जुनी कथा आहे. ती खरी असो वा नसो, पेरिक्लीसचे मत काही अनुकूल नव्हते. कवी म्हणून हा उत्तम, रणनीती मात्र याला कळत नाही, असे तो म्हणे. सोफोक्लीस हे स्वतःच मेजवानीत हसत हसत सांगत असे, असे त्याला भेटलेल्या एका समकालीन लेखकाने नोंदवून ठेवले आहे.

‘अँटिगनी’त थीब्जचा नवा राजा क्रिऑन फर्मान काढतो, की देशद्रोही पॉलिनायसीसच्या प्रेताला कुणी माती द्यायची नाही. त्याची बहीण अँटिगनी ती देते. देवांचे कायदे कुठे लिहिलेले नसतात, पण ते राजाच्या फर्मानाहून जुने असतात, ही तिची भूमिका. तिला जिवंतपणी गुहेत कोंडले जाते. क्रिऑनला चूक उमगते तेव्हा उशीर झालेला असतो. अँटिगनीने गळफास घेतला आहे, तिचा वाग्दत्त वर असलेला क्रिऑनचा मुलगा तिच्यापाशी जीव देतो आणि ते ऐकून राणीही. आपण अँटिगनीसाठी डोळे पुसतो, परंतु नाटक तिच्यावर संपत नाही. ते संपते क्रिऑनवर. मुलाचे प्रेत हातांत घेऊन आलेला हा राजा सल्लागारांना दोष देत नाही. ही करणी माझी, दुसऱ्या कुणाची नव्हे, असे तो कबूल करतो.

इथे अथेन्सची एक पद्धत सांगायला हवी. तिथे प्रत्येक अधिकाऱ्याला मुदत संपल्यावर आपल्या कारभाराचा हिशेब द्यावा लागे. लेखापरीक्षक वह्या तपासत आणि कुणाही नागरिकाला तक्रार करायला मुभा असे. हिशेब मंजूर होईपर्यंत त्या माणसाला देश सोडता येत नसे, आपली मालमत्ता देवाला अर्पण करता येत नसे. सोफोक्लीस खजिनदार होता, सेनापती होता. त्या दिव्यातून तोही गेलाच असणार. समोर बसलेल्या प्रेक्षकांतही असे हिशेब दिलेले आणि घेतलेले शेकडो लोक असत. क्रिऑनची ती कबुली त्यांच्या कानांना ओळखीची होती.

इ. स. पू. ४३१ मध्ये अथेन्स आणि स्पार्टा यांचे युद्ध पेटले. पुढच्याच वर्षी तटबंदीच्या आत दाटीवाटीने कोंडलेल्या अथेन्समध्ये साथ शिरली. काही वर्षांत लोकसंख्येचा चौथा किंवा तिसरा हिस्सा तिने नेला, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. इ. स. पू. ४२९ मध्ये पेरिक्लीसही त्याच साथीत गेला. ‘राजा ईडिपस’चे नेमके साल कळत नाही, पण बहुतेक अभ्यासक ते या साथीनंतरच्या काही वर्षांत ठेवतात. नाटक उघडते तेच साथीने गांजलेल्या नगरात.

कथा प्रेक्षकांना पाठ होती. हा मुलगा बापाला मारील आणि आईशी लग्न करील, असे भाकीत झाल्याने थीब्जच्या राजाने तान्ह्या ईडिपसला डोंगरावर टाकून द्यायला सांगितले. एका धनगराला दया आली. मूल कॉरिंथच्या राजाकडे पोहोचले आणि तिथे वाढले. मोठेपणी तेच भाकीत डेल्फीला अपोलोच्या देवळात ऐकून, आईबापांना जपण्यासाठी तो कॉरिंथ सोडून निघाला. वाटेत तिठ्यावर एका म्हाताऱ्याशी भांडण झाले, त्याने त्याला ठार केले. थीब्जला स्फिंक्सचे कोडे सोडवून तो राजा झाला आणि तिथल्या विधवा राणीशी त्याचे लग्न लागले. होमरच्या महाकाव्यात हे उघडकीस आल्यावर राणी फास लावून घेते, पण ईडिपस थीब्जवर राज्य करीतच राहतो. सोफोक्लीसने मात्र सगळा भर ठेवला तो तपासावर.

साथ हटवायची असेल तर आधीच्या राजाचा खुनी शोधा, असे अपोलो कळवतो. ईडिपस खुन्याला जाहीर शाप देतो आणि चौकशी सुरू करतो. आंधळा द्रष्टा टायरिसियस गप्प राहा म्हणतो, राणी जोकास्टा थांब म्हणते, म्हातारा धनगर गयावया करतो. हा थांबत नाही. प्रत्येक साक्षीदारागणिक फास त्याच्याच गळ्याभोवती आवळतो आहे हे दिसत असूनही तो शेवटचा प्रश्न विचारतोच. सत्य कळते. राणी गळफास घेते आणि तिच्या वस्त्रावरच्या टाचण्यांनी तो आपले डोळे फोडून घेतो. इथे भाकीत नीट आठवून पाहावे. बाप मारला जाईल आणि आईशी लग्न होईल, एवढेच देवाने सांगितले होते. तू हे शोधून काढशील, असे देव म्हणाला नव्हता. डोळे फोडशील, असेही म्हणाला नव्हता. ती ईडिपसची स्वतःची कृत्ये. पापे नियतीने करवली. हिशेब त्याने आपणहून दिला. गंमत अशी, की ज्या नाटकाला पुढे अ‍ॅरिस्टॉटलने वारंवार आदर्श म्हणून पुढे केले, त्याच्या वेळी सोफोक्लीसचा दुसरा क्रमांक आला. पहिला आला इस्किलसचा भाचा.

आमच्याकडे दशरथाच्या हातून श्रावण मारला गेला तोही अजाणता. पाण्याच्या आवाजाला बाण सोडला आणि जन्माचा शाप मिळाला. अजाणतेपणाने कर्माचे फळ चुकत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. तरी फळ भोगणे वेगळे आणि ते आपले म्हणून पुढे होणे वेगळे. एका शाखेत मी पाहिलेला हेड कॅशियर मला अशा वेळी आठवतो. दिवसअखेर रोकड जुळेना, चार हजारांची तूट. तीनदा मोजून झाली. नोटा दोन काउंटरांवरून फिरल्या होत्या, कुणाच्या हातून काय झाले ते शोधणे अशक्य होते. त्याने घरून पैसे मागवून तूट भरली, वहीवर सही केली आणि किल्ल्या लावल्या. त्याला चोर कुणी म्हटले नाही, त्याने स्वतःला म्हणवूनही घेतले नाही. रोकड माझ्या ताब्यात होती, एवढेच त्याचे म्हणणे. जबाबदारी आणि दोष ही दोन निराळी खाती आहेत, हे मला त्या संध्याकाळी जितके स्पष्ट दिसले तितके कुठल्या ग्रंथात दिसले नव्हते. ‘राजा ईडिपस’मध्ये ही दोन खाती अजून एकमेकांत मिसळलेली आहेत. जबाबदारी घेता घेता ईडिपस स्वतःला पापीही म्हणवून घेतो. ती वेगळी करायला सोफोक्लीसला आणखी वीस वर्षे लागली.

त्या वीस वर्षांत त्याच्या नगराची दशा झाली. इ. स. पू. ४२० मध्ये आरोग्यदेव अस्क्लीपियसला अथेन्समध्ये आणले गेले. त्याचे देऊळ बांधून होईपर्यंत सोफोक्लीसने देवाला आपल्या घरी ठेवून घेतले, आणि म्हणून मृत्यूनंतर लोकांनी त्याला स्वागत करणारा या अर्थाच्या नावाने पूजले, असे परंपरा सांगते. पुढे इ. स. पू. ४१३ मध्ये सिसिलीच्या मोहिमेत अथेन्सचे आरमार आणि सैन्य दोन्ही बुडाले. घाबरलेल्या नगराने दहा वयोवृद्धांचे सल्लागार मंडळ नेमले. त्यांत सोफोक्लीस होता. तो आपला नाटककारच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. दोन वर्षांनी लोकशाही बाजूला सारून चारशे जणांच्या हाती सत्ता देण्यात आली आणि या मंडळाने तिला संमती दिली. ती राजवट जुलमी निघाली, काही महिन्यांतच कोसळली. तू संमती दिलीस का, असे त्याला नंतर विचारले गेले. त्याने होय म्हटले. ते वाईट नव्हते का, यावरही होय म्हटले. त्याहून बरे काही हाताशी नव्हते, एवढीच पुस्ती त्याने जोडली. हे अ‍ॅरिस्टॉटलने नोंदले आहे. त्या उत्तराने तो निर्दोष ठरत नाही. पण ऐंशी ओलांडलेल्या, सर्वांच्या आदराला पात्र झालेल्या माणसाला मला आठवत नाही म्हणणे किती सोपे होते!

इ. स. पू. ४०९ मध्ये, सत्त्याऐंशीच्या घरात, ‘फिलॉक्टेटीस’ला त्याने पहिले बक्षीस मिळवले. मग तो वळला आपल्या जन्मगावाकडे. ‘कोलोनसमधील ईडिपस’ हे त्याचे शेवटचे नाटक. म्हाताऱ्याची बुद्धी चळली आहे, कारभार आमच्याकडे द्या, असा दावा मुलांनी लावला आणि सोफोक्लीसने न्यायाधीशांना हेच नाटक वाचून दाखवून तो जिंकला, अशी कथा सिसेरोने सांगितली आहे. ती दंतकथा असेलही. घरोघरच्या वाटण्या पाहिलेल्या माणसाला तिच्यात अशक्य मात्र काही वाटणार नाही.

या नाटकात आंधळा, भणंग ईडिपस मुलीचा हात धरून कोलोनसच्या पवित्र वनात येतो. नाव ऐकताच गावकरी त्याला हाकलू पाहतात. आणि हा म्हातारा, ज्याने एकदा सगळे पाप अंगावर घेतले होते तो, आता ठामपणे स्वतःची बाजू मांडतो. मी मारले ते माझ्यावर हात उगारणाऱ्याला. तो बाप आहे हे मला ठाऊक नव्हते. लग्न लावून दिले ते नगराने. मी हे केले नाही, सोसले. कायद्यापुढे मी निर्दोष आहे.

हे शब्द हवेतून आलेले नाहीत. अथेन्सच्या त्याच संग्रहालयात दुसरीही एक शिळा आहे. ड्रॅकोचा इ. स. पू. सातव्या शतकातला मनुष्यवधाचा कायदा तिच्यावर कोरला आहे, आणि तो नव्याने कोरून घेतला गेला इ. स. पू. ४०९-४०८ मध्ये, म्हणजे सोफोक्लीस हे नाटक मनात घोळवत असावा त्याच सुमारास. उरलेला मजकूर सुरू होतो तो हेतूशिवाय केलेल्या वधापासून. अशा माणसाने देश सोडावा. पण मृताच्या नातलगांनी एकमताने क्षमा केली, तर त्याच्याशी समेट व्हावा. बाप मारणाऱ्या ईडिपसच्या बाबतीत ही क्षमा करणार कोण? मेलेल्याचा सख्खा तर तो स्वतःच. म्हणून सोफोक्लीसने ती देवांकडून देवविली. मेघगर्जना होते, देव त्याला नाव घेऊन हाक मारतात, उशीर झाला म्हणून घाई करतात. हाताला धरून नेण्याची गरज असलेला आंधळा आता सर्वांच्या पुढे वाट दाखवत चालतो. तो कसा गेला, हे एका थिसियस राजाखेरीज कुणी पाहिले नाही. ज्याला गावाने अपशकुनी मानले, त्याची समाधी त्या भूमीचे रक्षण करणार असते. पण देव तेव्हाही, आधी असे का केले, ते सांगत नाहीत.

इ. स. पू. ४०६ मध्ये मॅसिडोनियात युरिपिडीस वारल्याची बातमी आली. आयुष्यभराचा प्रतिस्पर्धी. उत्सवाआधीच्या समारंभात सोफोक्लीस काळी वस्त्रे लेवून आला, त्याच्या गायकवृंदाच्या डोक्यांवर नेहमीच्या माळा नव्हत्या. लोक रडले. त्यानंतर काही महिन्यांतच तोही गेला. इ. स. पू. ४०४ मध्ये अथेन्सने स्पार्टापुढे शरणागती पत्करली; ते पाहणे त्याच्या नशिबी आले नाही. शेवटचे नाटक इ. स. पू. ४०१ मध्ये त्याच्याच नावाच्या नातवाने रंगमंचावर आणले. हरलेल्या, तटबंदी पाडलेल्या, आपल्याच माणसांनी आपल्या माणसांना मारल्याचे ताजे घाव असलेल्या नगराने ते पाहिले. कुणाचा दोष आणि कुणाची जबाबदारी, हा प्रश्न त्या दिवशी प्रेक्षकांत बसलेल्या प्रत्येकाचा होता.

एकशेवीसहून अधिक नाटकांतली आज पूर्ण उरली आहेत ती सात. दहाव्या शतकातले त्यांचे एक हस्तलिखित फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात आहे. १५०२ मध्ये व्हेनिसला ती प्रथम छापली गेली. १९१२ मध्ये इजिप्तच्या वाळूतून निघालेल्या पपायरसवरून आणखी एका नाटकाचा मोठा भाग छापला गेला. त्यात तान्हा हर्मीस अपोलोच्या गाई पळवतो आणि एक खोडकर टोळकी त्यांचा माग काढते. देवांकडे हसून पाहणेही या माणसाला जमत होते. मराठीत पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ आणले. ते घरात असेल तर काढून वाचावे; आणि मग, जमल्यास, इंग्रजीतून का होईना, कोलोनसचे नाटकही. पहिले वाचून दुसरे न वाचणे म्हणजे नावे पडलेली रक्कम पाहून खाते मिटवणे, आणि पुढच्या पानावरची जमा न पाहणे.

कोलोनस आता अथेन्स शहरात मुरून गेले आहे. सभोवती दाट वस्ती, मध्ये एक लहानशी टेकडी, थोडी झाडे. ईडिपसची समाधी तिथे कुठे दाखवत नाहीत. ती कुठे आहे हे कुणाला सांगायचे नाही, असे नाटकातच ठरले होते.